फौजदाराची सव्वा मूठ

लखनने बारडोलीहून मांजर आणलं ही बातमी तो घरी पोचायच्या आधीच सुरतेजवळच्या कोसाडच्या वसाहतीत पोचली. झालं असं, की अमरोलीला रिक्षात बसल्यावर टोपलीवरचं फडकं फाडून एक पंजा बाहेर आला, शेजारच्या बाईच्या पिशवीत शिरला आणि सुक्या बोंबलांची पुडी घेऊन आत गेला. बाई अशी किंचाळली की रिक्षावाल्याने गाडी थेट गटाराच्या काठाला नेऊन टेकवली. मग काय, टोपली छातीशी धरून लखन गल्लीत शिरला तेव्हा त्याच्यामागे निम्मी वसाहत होती आणि टोपलीतून बोंबील फोडल्याचा कडाकडा आवाज येत होता.

"मांजर शे का वाघ?" शेजारच्या धुरपदाबाईने ओट्यावरूनच विचारलं.

"दोन्ही शे," लखन म्हणाला.

आणि तो अगदीच काही थापा मारत नव्हता. लखनचा मामा छगन बारडोलीजवळ एका शेतकऱ्याच्या उसाची राखण करायचा. त्याच्या खोपटात मनी नावाची साधी घरमांजर होती. पावसाळ्यात ती उसात हिंडायला लागली आणि दिवेलागणीला बांधावर एक उंच, पिवळसर रानबोका येऊन बसायला लागला. पुढे मनीला पिल्लं झाली, त्यातलं हे एकच जगलं. पाय असे लांब की दुसऱ्याचे लावल्यासारखे. कानांच्या टोकांना काळ्या केसांचे तुरे, शेपूट आखूड आणि तिच्यावर काळी वलयं. दूध समोर ठेवलं तर हुंगून मान फिरवायचं, आणि बेडूक दिसला की अंगात वीज यायची. "याना बापले मी स्वतः देखेल शे," मामाने लखनला सांगितलं होतं. "घरमां ठेवानं जनावर नही हाई. पण तुनी हौस शे, तं लई जाय."

हौसेला मोल नसतं, असं म्हणतात. लखनची हौस तर दाबून ठेवलेली. घरात तो धाकटा. अंगातला सदरा थोरल्या योगराजचा, सायकल योगराजची, इतकंच काय, शाळेत असताना पाटीसुद्धा योगराजचीच. योगराज पलसाण्याला साड्या रंगवायच्या मिलमध्ये होता. लखन कापड विणायच्या लूमच्या खात्यात, जिथे माणसाने बोंब मारली तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. त्याच खात्यात त्याचे वडील धुडकू उभी हयात उभे राहिले होते आणि आपले कान तिथेच ठेवून घरी बसले होते. अशा घरातल्या लखनकडे आयुष्यात पहिल्यांदा असं काही आलं होतं, जे सबंध सुरतेत दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. त्याला त्या रात्री आनंदाने झोप आली नाही. मांजरालाही आली नाही. मग घरातल्या बाकीच्यांना कशी यायची?

सकाळी ते पिल्लू कपाटाच्या माथ्यावर बसलेलं सापडलं. खाली सगळं घर उलथंपालथं, आणि ते वरून एकेकाकडे असं बघतंय, जणू चोरीचा पंचनामा करायला आलंय. धुडकू दिवसातून चार शब्द बोलणारा माणूस. त्याने चहाचा घोट घेतला, वर पाहिलं आणि म्हणाला, "फौजदार दिखस."

झालं. नाव पडलं ते पडलंच.

पहिले काही महिने फौजदाराने वसाहतीवर राज्य केलं. दोन वर्षांपूर्वी सुरतेत प्लेगचा बोभाटा झाला, तेव्हा हीच वसाहत मिळेल त्या गाडीला लटकून खानदेशात पळाली होती. परत आल्यावरही कुठे मेला उंदीर दिसला की बायाबापड्या लेकरांना उचलून आत पळायच्या. अशा ठिकाणी फौजदार आला आणि उंदरांना पळता भुई थोडी झाली. तो दबा धरून वाट बघत बसायचा नाही. सरळ उडी घ्यायचा, तीही माणसाच्या डोक्यावरून. होळीपर्यंत गल्ली साफ, उन्हाळ्यात नाल्यापलीकडची गल्ली साफ. धुरपदाबाई त्याच्यासाठी ताकाची वाटी काढून ठेवायला लागली. ताक तो प्यायचा नाही, पण मान घ्यायचा. रविवारी अमरोलीहून पोरं बघायला यायची. लखन काठीच्या टोकाला बोंबील बांधून दाराच्या चौकटीवर धरायचा, "देखा हं, देखा!" म्हणायचा, आणि फौजदार जमिनीवरून जो सुटायचा तो बोंबलासकट पत्र्यावर! पोरं टाळ्या पिटायची. लखनला आपणच उडी मारल्यासारखं वाटायचं.

खात्यात कधी कुणी त्याला नावाने हाक मारली नव्हती. आता लोक म्हणायचे, "तो काय, फौजदारवाला लखन."

पण अर्धं रान घरात बांधून ठेवायचं म्हणजे चेष्टा नव्हे. फौजदार वाढला तशी त्याची कारस्थानंही वाढली. त्याला पाण्याची भीती नव्हती, उलट आवड. नळाला पाणी यायचं तेवढ्या वेळात वहिनी पिंप भरून ठेवायची, की हा आत उडी मारून डुंबायचा. जयश्रीवहिनी घरी बसून साड्यांना लेस लावायची. व्यापाऱ्याकडून आलेल्या साड्यांचे गठ्ठे कोपऱ्यात रचलेले असायचे. वयात आल्यावर फौजदाराने ठरवलं की हे गठ्ठे म्हणजे आपल्या राज्याची हद्द. त्याने शेपूट वर केली आणि हद्दीवर शिक्का मारला. तो वास! योगराज मिलमधल्या रसायनांत दिवसभर उभा राहणारा माणूस, पण तोही नाकाला रुमाल लावून बाहेर पळाला. वहिनीने साड्या तीनतीनदा धुतल्या, उन्हात घातल्या, अत्तर मारलं. मग त्यांना अत्तराचा आणि फौजदाराचा मिळून वास यायला लागला.

"भाऊजी," वहिनी लखनला म्हणाली, "आते या साड्या नेसाले एखादी वाघीणच शोधा."

खाण्याचे तर हाल विचारू नका. भाकरी नको, दूध नको, मटणवाल्याकडचे तुकडे पाहिजेत, तेही कच्चे आणि ताजे. एकदा लखनला यायला उशीर झाला, तर फौजदाराने आपली सोय आपणच पाहिली. धुरपदाबाईच्या तीन कोंबड्या होत्या, त्यांच्या दोन झाल्या. ताकाची वाटी बंद झाली आणि शिव्यांचा रतीब सुरू झाला.

लखनने काय नाही केलं? दोरी बांधली, ती त्याने चावून तोडली. खिडकीला जाळी लावली, तर ती उचकटून गेला. "मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार" असं सगळे नुसतं म्हणतात, लखनने खरोखर बांधली. त्यापायी हातावर कोपरापर्यंत ओरखडे काढून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी घंटा धुरपदाबाईच्या पत्र्यावर सापडली. शेवटी तो त्याला टोपलीत घालून गुरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. हा सुरती डॉक्टर म्हशींत मुरलेला. त्याने टोपलीत वाकून पाहिलं, आतून गुरगुर ऐकली आणि दोन पावलं मागे सरकून म्हणाला, "अडधुं घरनुं छे, अडधुं जंगलनुं. अडधुं तमारुं मानशे, भाई. बाकीनुं अडधुं कोईनुं नहीं माने."

लखनला त्याचा राग आला. पण मांजराच्या ज्या अर्ध्यावर लखनचा जीव होता, तेच ते कुणाचं न ऐकणारं अर्धं होतं, ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही.

फौजदार ऐकायचा तो फक्त शोभाबाईचं. शोभाबाई म्हणजे लखनची आई, आणि या घराचं हायकोर्ट. तिला जनावरांची हौस अजिबात नव्हती. पण संध्याकाळी भाकरी तव्यावरून उतरल्या की ती दारात उभी राहून घरातल्यांना हाका मारायची. वसाहतीत सगळ्या आयांचे आवाज एकमेकांत मिसळलेले असायचे, पण शोभाबाईचा वेगळा कळायचा, कारण तिला लूमखात्यातून आलेल्या नवऱ्याला ऐकू जाईल असं बोलायची सवय.

"योगराज! लखन! फौजदार! जेवाले या रे!"

पहिल्यांदा तिने ते नाव चेष्टेने घेतलं होतं. फौजदार कुठूनसा पत्र्यावरून उतरला आणि तिच्यासमोर बसला. तिने तूप लावलेला भाकरीचा तुकडा पुढे केला. दुधाला तोंड न लावणारं ते ध्यान तो तुकडा चाटूनपुसून खाऊन गेलं. तेव्हापासून तो रोजचा रिवाज झाला. कुठेही असो, कुणाच्याही कोंबडीवर डोळा असो, हाकेतलं तिसरं नाव आलं की स्वारी हजर. शोभाबाई म्हणायची, "कोंबड्यास्वर नजर जावाले नको म्हनीसन देस मी." बरं बाई, तसं असेल.

मग श्रावण आला.

खानदेशी घरांत श्रावणात कानबाईचा उत्सव म्हणजे दिवाळीहून मोठी गोष्ट. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी घरी येते, नारळाच्या रूपाने, नथ-बांगड्या लेवून. रात्रभर गाणी, सोमवारी वाजतगाजत तापीवर विसर्जन. कामासाठी सुरतेत आलेली सारी भाऊबंदकी त्या दिवशी एका घरी गोळा होते, आणि यंदा तो मान शोभाबाईच्या घराचा होता. तिने घर धुतलं, भिंतींना चुना दिला, भांडीकुंडी राखेने घासून आरशासारखी केली. मटण, मासळी, अंडं, यांचं नावसुद्धा घरात काढायचं नाही. लखन फौजदाराला गुपचूप नाल्यापलीकडे नेऊन खायला घालायचा.

आणि कानबाईला चार दिवस राहिले असताना फौजदाराने घात केला. नव्या चुन्याच्या भिंतीशी, जिथे देवीचा चौरंग मांडायचा, नेमक्या तिथे त्याने एक भलीमोठी घूस आणून ठेवली. ठेवली आणि बाजूला ऐटीत बसला. सगळे काहीतरी तयारी करताहेत तर आपणही हातभार लावावा, असा त्याचा हेतू असणार. त्याच्यापरीने तो नैवेद्यच होता.

घरात मेलेली घूस! शोभाबाईला प्लेगची ती पळापळ आठवली, विटाळलेली जागा दिसली, आणि मग तिचा आवाज असा चढला की धुडकूनेसुद्धा कानावर हात ठेवला.

"बस व्हयनं, लखन! कानबाई या घरमां येवाना पहिले हाई जनावर घरमाईन जावाले पाहिजे. मामाकडे सोडी ये. माघारे आनू नको!"

"माय, त्याले काय समजस? त्यानी तं—"

"तुले समजस ना? बस मंग."

लखनने योगराजकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. वहिनीला मांजराची कीव येत होती, पण तिच्या मांडीवर तिसऱ्यांदा धुतलेली साडी होती. हायकोर्टावर अपील नसतं.

शुक्रवारी लखन टोपली घेऊन बारडोलीच्या बसमध्ये बसला. येताना किती मिजाशीत आणली होती ही टोपली! आत्ता कुणी विचारलं, काय आहे आत, तर तो म्हणाला, "काही नही." मामाच्या खोपटासमोर त्याने झाकण काढलं. ऊस डोक्याच्या वर गेला होता आणि वाऱ्याने सळसळत होता. फौजदार बाहेर आला, अंग ताणलं, कानांचे तुरे एकदा त्या सळसळीकडे वळवले. मग त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. उसाची पानं जराशी हलली, एवढंच. लखनला रडू आलं आणि मामासमोर रडायची लाज वाटली, म्हणून तो हात धुवायला विहिरीवर गेला.

दुसऱ्या दिवशी शनिवारी भाऊबंद जमले. ओसरीत बाया, बाहेर पुरुष, सगळीकडे गलका, हसणं, लेकरांची धावपळ. लखन एका कोपऱ्यात बसला होता, हातावरचे ओरखडे बघत. ओरखडे भरून येत होते. तेही त्याला नको वाटत होतं.

आता रोटाचं धान्य मोजायची वेळ झाली. यात चूकभूल चालत नाही. भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू टाकायचे. परगावी असला तरी त्याची मूठ पडते. त्या गव्हाचे जाडजूड पोळीसारखे रोट देवीला दाखवायचे आणि ते फक्त भाऊकीने खायचे, बाहेरच्या कुणाला कणही द्यायचा नाही, आणि पुनवेच्या आत संपवायचे. लेकी लग्न होऊन गेल्या तर त्यांचाही हक्क जातो, सुना मात्र हक्काच्या. कानबाई कडक दैवत. तिच्या हिशेबात वाटा कुणाचा राहता कामा नये.

शोभाबाई न्हाऊन, नवं लुगडं नेसून गव्हाच्या राशीपुढे बसली. वयाने थोरले ते आधी. तिने मूठ भरली.

"लोटू." सव्वा मूठ पडली. लोटूबाबा भाऊकीतला सगळ्यांत वडील, खाटेवर बसून लक्ष ठेवून होता.

"धुडकू." सव्वा मूठ.

मग चुलत दिरांची नावं, पुतण्यांची नावं. बायांनी गाणं धरलं होतं, त्या ठेक्यावर शोभाबाईची मूठ भरत होती, रिकामी होत होती. आता ती आपल्या पोरांवर आली. इथे तिची जीभ रोजच्या वाटेला लागली.

"योगराज." सव्वा मूठ.

"लखन." सव्वा मूठ.

"फौजदार."

आणि सव्वा मूठ गहू खळ्ळकन राशीवर पडले.

गाणं थांबलं. शोभाबाईचा हात हवेत तसाच राहिला. तिने गव्हाकडे पाहिलं. त्यातले कुठले दाणे कुणाच्या नावाचे, हे आता देवीलाच माहीत! वहिनीने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तिचे खांदे गदागदा हलायला लागले. कोपऱ्यातला लखन ताडकन उभा राहिला. त्याचं काळीज असं उडत होतं, की खात्यातला लूम परवडला.

"फौजदार?" लोटूबाबाने खाटेवरून मान पुढे काढली. भाऊकीतला एकेक माणूस त्याला तोंडपाठ होता. "हाऊ कोन फौजदार? कोना आंडोर? कोना पोऱ्या?"

शोभाबाईने जमिनीकडे बघितलं. मांजराचं नाव कानबाईच्या धान्यात घेतलं, हे सांगायचं कसं? घरभर अशी शांतता पसरली, की बाहेर धुरपदाबाईच्या कोंबड्या ऐकू आल्या.

तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेला, एरवी ढोल बडवला तरी मान न वळवणारा धुडकू म्हणाला, "मना आंडोर."

मग जो हशा उसळला! योगराज तर पोट धरून खाली बसला. लोटूबाबाला सगळा वृत्तांत सांगावा लागला, आणि तो दहाजणांनी एकदम सांगितला. बोंबील, पिंप, साड्या, घूस. म्हातारा मात्र हसला नाही. त्याने डोळे मिटले आणि बराच विचार केला.

"माणूस असो का मांजर," तो म्हणाला, "नाव लिधं, मूठ पडनी. देवीनं धान्य माघारे निघत नही. त्याना वाटाना रोट आते त्यालेच खावा लागी. पुनवना आत."

"आनि नही खादा तं?" शोभाबाईचा आवाज बारीक झाला होता.

"मंग तू जान आनि कानबाई जाने."

शोभाबाईने राशीपुढे कानाला हात लावला. लखनच्या मनात मात्र लाडू फुटत होते. देवीनेच निकाल फिरवला! हायकोर्टाच्या वर सुप्रीम कोर्ट असतं, हे त्याला आज कळलं. तो त्या रविवारी वेड्यासारखा नाचला. कानबाईपुढे नाचला, सोमवारी मिरवणुकीत तापीपर्यंत नाचला, सदरा घामाने पिळून निघाला तरी थांबला नाही. गुलालाने माखलेला लखन ज्याला त्याला सांगत होता, "मी त्याले घर आनस! देवीनी बोलावेल शे!"

विसर्जन झालं. रोट खाऊन होत आले. फडक्यात बांधलेला फौजदाराच्या वाट्याचा रोट मात्र तसाच होता. येताजाता शोभाबाईची नजर त्या फडक्यावर जायची. पुनव जवळ आली तशी ती एका सकाळी उठली, फडकं घेतलं, आपल्या वाट्याचा शिल्लक रोटही त्यातच बांधला, तुपाची वाटी झाकून घेतली आणि चपला घातल्या.

"मी जास ना, माय," लखन टोपली उचलत म्हणाला.

"नाव मी लिधं. वाटा मीच देसू."

मायलेक बारडोलीच्या बसमध्ये बसले. पलसाण्याच्या मिलची धुराडी मागे पडली, ऊस सुरू झाला. शोभाबाई खिडकीतून ते हिरवं रान बघत होती. एवढ्या उसात एक मांजर! तिने मनातल्या मनात कानबाईला हात जोडले.

छगनमामाने बातमी चांगली दिली नाही. "पहिली रातपाइन दिखना नही, ताई. बांधवर पाऊल दिखतस, तो नही दिखस."

लखन बांधावरून धावत सुटला. "फौजदार! ए फौजदार!" त्याने शीळ घातली, काठीला बोंबील बांधून हलवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत घसा फोडला. ऊस सळसळत राहिला. लखनच्या मनात नाही नाही ते येऊ लागलं. कोल्ह्याने धरला असेल, साप डसला असेल, कुणी दगड घातला असेल. घरात वाढलेलं ते, रानात कसं टिकणार? मीच आणून टाकलं त्याला इथे, असं म्हणत तो मटकन बांधावर बसला.

"उठ," शोभाबाई म्हणाली. "अशी हाक मारतस का?"

तिने पदर खोचला. रोटाला तूप लावलं. मग उसाकडे तोंड करून, कंबरेवर हात ठेवून, जशी ती रोज दारात उभी राहायची तशी उभी राहिली आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशी हाक घातली.

"योगराज! लखन!"

"ऊनू, माय," लखन सवयीने म्हणाला.

"फौजदार! जेवाले या रे!"

काहीच हललं नाही. मग अगदी जवळ, पाच हातांवर, पानं बाजूला झाली आणि काळ्या तुऱ्यांचे दोन कान बाहेर आले.

लखनला ओरडावंसं वाटलं, पण त्याने तोंडावर हात दाबून धरला. फौजदार बाहेर आला. काय दिसत होता! घरात त्याचं अंग नेहमी आक्रसलेलं असायचं, काहीतरी मोडेल किंवा कुणी मारेल अशा बेताने. आता तो सगळा मोकळा झाला होता. कातडी चकचकीत, छाती रुंद, चाल सावकाश. तो शोभाबाईसमोर येऊन बसला, घरी बसायचा तसाच. तिने तुपाने निथळणारा रोटाचा तुकडा पुढे केला. त्याने हुंगला, आधी तूप चाटलं आणि मग तुकडा खाल्ला. शोभाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"खादा व माय, खादा!" ती म्हणाली. देवीशी बोलत होती की मांजराशी, कळत नव्हतं. मग तिने लखनला खूण केली. "उघड टोपली. चाल, घर लई चालूत त्याले. कोंबड्यास्नं आपू देखी लेसूत. धुरपदाशी मी बोलसू."

याच शब्दांची तर लखन वाट बघत होता. त्याने टोपलीचं झाकण काढलं. फौजदार त्याच्यापाशी आला, त्याच्या पायावर डोकं घासलं, ओरखड्यांच्या खुणा असलेल्या हाताला नाक लावलं. उचलून आत घालायचा तेवढाच अवकाश होता. लखनने दोन्ही हातांत त्याला धरलं. त्या अंगाखाली काहीतरी सारखं थरथरत होतं. पण ते भय नव्हतं. फौजदाराचा एक कान लखनकडे होता आणि एक उसाकडे.

लखनने त्याला खाली ठेवलं आणि टोपलीचं झाकण लावलं.

"काय व्हयनं?" शोभाबाईने विचारलं.

"माय, आपली भाऊकीना कितला लोक परगाव ऱ्हातस," लखन म्हणाला. तो हसत होता. "त्यास्नी मूठ पडस ना? मंग यानीबी पडी. राहू दे त्याले आठे. घरनाच शे तो."

शोभाबाई लेकाकडे बघत राहिली. हा तोच लखन, ज्याने शेजाऱ्यांशी, सख्ख्या आईशी या मांजरापायी भांडण काढलं होतं. ती काही बोलणार, तेवढ्यात फौजदाराने उरलेला रोट तोंडात धरला, मान वर केली आणि सरळ उसात घुसला.

"अरे, अरे!" शोभाबाई मागे धावली. "रोट बाहेर नेऊ नको! भाऊकीबाहेर कोनले देऊ नको, मेल्या!"

छगनमामा बांधावर वाकून पानांमधून आत बघत होता. त्याने बहिणीला हात धरून थांबवलं आणि बोटाने दाखवलं. उसाच्या सावलीत फौजदाराने रोट खाली ठेवला होता. त्याच्यासमोर एक बारीक अंगाची, तशाच तुऱ्याच्या कानांची रानमांजरी बसली होती आणि रोटाकडे मान लांब करून बघत होती.

"आते?" लखन घाबरून म्हणाला. "माय, हाई तं बाहेरनी!"

शोभाबाईने पदर डोक्यावर नीट घेतला. क्षणभर तिने त्या मांजरीला पायापासून कानापर्यंत न्याहाळलं, जशी सोयरीक जमवताना पोरगी बघतात तशी.

"बाहेरनी काबर?" ती म्हणाली. "सून शे."

मग तिने फडक्यातला दुसरा रोट काढला, त्याला तूप लावलं आणि उसाच्या कडेला ठेवून दिला.